कमानीत बसलेली पाटी: डी. एन. रोडवरच्या एका दुकानाचे प्रकरण

दुकानाच्या पाट्यांची अक्षरे आखणे हा माझा व्यवसाय आहे. खाली मांडलेले काम २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि पुढच्या पावसाळ्यानंतर संपले. दुकानाचे, मालकांचे आणि इमारतीचे नाव दिलेले नाही. नाव चार अक्षरी आहे, त्यात एक रफार, एक उकार आणि एक ‘ल’ आहे, एवढे मात्र सांगायला हवे, कारण निम्मी कथा त्या तीन गोष्टींभोवतीच फिरते.

पार्श्वभूमी

क्रॉफर्ड मार्केटपासून व्हीटीवरून फ्लोरा फाउंटनपर्यंत जाणारा दादाभाई नौरोजी रस्ता म्हणजे जुना हॉर्नबी रोड. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत फोर्टची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेत हा भाग नव्याने वाढला. १८९६ मध्ये नियम झाला की इथल्या इमारतींनी तळमजल्यावर रस्त्याच्या कडेने सलग कमानदार आर्केड, म्हणजे छताखालून चालायचा पदपथ, ठेवायचे. वरचे मजले कोणी गॉथिक बांधले, कोणी निओक्लासिकल, कोणी इंडो-सारासेनिक. खाली मात्र कमानींची रांग चालू राहिली, आणि पावसात न भिजता, उन्हात न पोळता चालण्याची सोय झाली. हा रस्ता एकसंध दिसतो तो त्या कमानींमुळे.

म्हणूनच पाटी कमानीवर ठोकली की एकट्या दुकानाचे दर्शन बिघडत नाही, पूर्ण रांगेची लय तुटते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी याच रस्त्यासाठी पाट्या, दिवे आणि बाकांचा आराखडा केला होता. पाटी कमानीच्या पोकळीत बसवा, दगडावर चढवू नका, हे त्यातले मुख्य सूत्र. दुकानदार आणि इमारतमालक त्यात सामील झाले, आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्या कामाची दखल घेतली गेली. पण वीस वर्षांत भाडेकरू बदलतात, धंदे बदलतात, फ्लेक्स आणि एसीपी शीट (प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेली) स्वस्त होते. एकेक पाटी पुन्हा कमानीवर चढत गेली.

आपले दुकान त्यांपैकीच एक. कागद, वह्या, फायली, ऑफिसला लागणारा माल. काका-पुतण्यांची भागीदारी, सहा कामगार, पागडीचा गाळा. काकांना सगळा बाजार ‘शेठ’ म्हणतो, मीही तेच म्हणतो. साधारण २०११ मध्ये त्यांनी बाहेरच्या कमानीवर दहा फूट रुंद, तीन फूट उंच ग्लो-साइन पेटी लावली होती: लाल एसीपी, पांढरी अ‍ॅक्रिलिक अक्षरे, आत ट्यूबलाइट. मजकूर फक्त इंग्रजी. पेटीने कमानीचा अर्धा वळसा आणि दोन्ही खांबांवरची कोरीव स्तंभशीर्षे झाकली होती.

अडचण

मराठी पाटीची सक्ती आधी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना होती. मार्च २०२२ मधल्या दुरुस्तीने लहान दुकानेही त्यात आली. देवनागरी मराठी आधी हवी, आणि तिची अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले. म्हणजे २५ नोव्हेंबर.

पुतण्याचा पहिला फोन त्यानंतर पंधरा दिवसांनी आला. ‘सर, त्याच बोर्डवर मराठी कुठे टाकता येईल ते सांगा, व्हिनाईल कापून लावतो.’ मी जाऊन पाहिले. आर्केडमध्ये उभे राहून वर पाहिल्यावर पेटीची मागची बाजू दिसली. गंजलेली लोखंडी चौकट, कबुतरांची घाण, लोंबणाऱ्या वायरी, आणि दगडात घुसवलेले चौदा बोल्ट. डाव्या स्तंभशीर्षावरच्या दगडी पानाचा टवका उडालेला होता. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालचा दगड आतून फोडते. पाटी बेकायदा आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ती इमारत फोडत होती.

एका कामातून तीन कामे निघाली. कायद्याची मुदत गाठायची, दगडाला होणारी इजा थांबवायची, आणि दुकान रस्त्यावरून दिसत राहील याची काळजी घ्यायची. शेठांना तिसरी सोडून दुसरी कुठलीही चिंता नव्हती, आणि त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. ‘पाटी लहान केली तर समोरच्या फुटपाथवरून गिऱ्हाइकाला दिसेल का?’ हा त्यांचा प्रश्न शेवटपर्यंत माझ्या डोक्यात राहिला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पुतण्याचाच: आहे त्या पेटीवर मराठी व्हिनाईल. दोन दिवसांचे काम, खर्च नगण्य. पण व्हिनाईलवाल्याने पाठवलेला नमुना पाहून मी हबकलो. संगणकातला पहिला सापडलेला फाँट, ‘ल’ हिंदी वळणाचा, आणि रफार इंग्रजी ओळीला चिकटू नये म्हणून अक्षर दाबून बुटके केलेले. मराठी माणूस असा ‘ल’ वाचतो खरा, पण तो आपल्या घरचा नाही हे त्याला लगेच कळते.

दुसरा पर्याय नवी एसीपी पेटी, एलईडी घालून, मराठी वर आणि इंग्रजी खाली. बाजारात सगळे हेच करत होते. मुदत नक्की गाठता आली असती. बोल्ट तेच राहिले असते.

तिसरा पर्याय मला स्वतःला मोहवणारा होता: पितळेची सुटी अक्षरे, थेट कमानीवरच्या दगडात. जुन्या बँकांच्या इमारतींवर अशी अक्षरे शोभतात. पण प्रत्येक अक्षराला तीन-चार स्टड धरले तर दोन लिपींत मिळून पन्नासच्या आसपास भोके पडली असती. शिवाय ती अक्षरे इमारतीच्या जन्मापासून तिथे असतात तेव्हा शोभतात. सव्वाशे वर्षांनी भाडेकरूने ठोकली की ती इमारतीवर हक्क सांगतात. हा पर्याय मी स्वतःच काढून टाकला.

चौथा पर्याय: दोन खांबांमधल्या पोकळीत, कमान जिथून वळायला लागते त्या रेघेच्या लगेच खाली, एक अरुंद पट्टी. वरचा अर्धगोल उघडा. खर्च एसीपी पेटीच्या जवळजवळ दुप्पट, वेळ जास्त, आणि पाटीची उंची तीन फुटांवरून सोळा इंचांवर.

शेठांनी चौथा पर्याय ऐकला आणि सरळ नाही म्हणाले. ‘तीन फुटाचा बोर्ड काढून दीड फुटाचा लावायला मी पैसे का देऊ?’ त्यांना पटवायला मी वारशाचा विषय काढलाच नाही. त्यांना घेऊन समोरच्या फुटपाथवर गेलो आणि विचारले, शेठ, इथून या रांगेतली कोणती पाटी आधी वाचता येते? लाल, पिवळ्या, निळ्या पेट्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. त्यांचे बोट गेले ते एका लहान, गडद पाटीकडे, जिच्याभोवती मोकळा दगड होता. अक्षर केवढे आहे याच्याइतकेच त्याच्याभोवती काय आहे यावर ते दिसणे ठरते. शेठ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा निरोप आला, पुढे जा.

काय केले, आणि कुठे अडलो

इथे माझी पहिली चूक. मी अक्षरे आखायला बसलो आणि इमारतमालकाची ना-हरकत नंतर घेऊ म्हटले. पागडीच्या इमारतीत दर्शनी भागाला हात लावायचा तर मालकाची सही लागते. इमारत वारसा यादीत असल्याने पालिकेकडे आराखडा द्यायचा, आणि पाटीवर दिवा असेल तर अनुज्ञापन खात्याचा परवानाही पाहायचा. वास्तुविशारद मैत्रिणीने फोटो आणि नकाशे तयार केले, त्यात दगडात एकही नवे भोक पाडणार नाही आणि सगळे काढता येईल असे आहे हे स्पष्ट लिहिले. पण मालकाची सही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आली नाही. मुदत हातातून जाणार हे दिसू लागले.

मग तात्पुरती पाटी करायचे ठरले. नळबाजाराकडचे एक पेंटर, सत्तरीला आलेले, पूर्वी सिनेमाच्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सगळे त्यांना पेंटरचाचा म्हणतात. त्यांनी आठ बाय चार फुटांची प्लायवूड कापून सोळा इंची पट्टी काढली, निळा इनॅमल मारला आणि नाव हाताने लिहिले. आधी खडूने शिरोरेषा मारली, मग चपट्या ब्रशने अक्षरे. मी बाजूला उभा होतो. रफार काढताना ते थांबले, मागे सरकले, डोळे बारीक केले आणि मला म्हणाले, ‘याला डोक्यावर श्वास पाहिजे. तुम्ही वरची जागा कमी ठेवली.’ आणि त्यांनी खडूची शिरोरेषा एक इंच खाली घेतली.

माझ्या संगणकावरच्या आराखड्यात ही चूक महिनाभर तशीच बसली होती. रोमन कॅपिटल अक्षरांना वर-खाली काही लागत नाही, पट्टीच्या उंचीचा मोठा भाग अक्षरालाच देता येतो. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार यांची जागा लागते. मी रोमन पट्टी गृहीत धरून मराठी त्यात कोंबली होती. मोजले तेव्हा हिशेब असा निघाला: अक्षराचा देह ७ इंच, वर साडेतीन, खाली तीन. साडेतेरा इंच. सोळा इंची पट्टीत एक ओळ छान बसते. दोन ओळी बसतच नाहीत.

मराठी पाटीने जुन्या इमारतींची शोभा जाते, अशी तक्रार फोर्टात मी बऱ्याचदा ऐकली आहे. मला ती मान्य नाही. या इमारती उभ्या राहत होत्या त्याच काळात, इथून थोड्याच अंतरावर, जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात देवनागरीचे देखणे खिळे ओतले जात होते. ते अक्षर याच शहराचे, याच काळाचे आहे. बिघडते ते इंग्रजी पाटी आधी करून मराठीला उरलेल्या जागेत बसवले म्हणून. आम्ही क्रम उलटा केला. आधी मराठी ओळ पक्की, मग इंग्रजीला जागा.

ती जागा कुठे, यावर पुतण्याशी चांगलाच वाद झाला. आसपासच्या ऑफिसांतली ऑर्डर इंग्रजी नावाने येते, बिलावर इंग्रजी नाव आहे. त्याचे म्हणणे खरे होते. एकाच पट्टीवर शेजारी शेजारी लिहून पाहिले, खडूने, प्लायवूडच्या मागच्या बाजूला. दोन वेगळी दुकाने आहेत असे वाटले. शेवटी इंग्रजी नाव आतल्या दाराच्या काचेवर, डोळ्यांच्या उंचीला, चार इंची अक्षरांत घेतले. आणि आर्केडमधून चालणाऱ्यांसाठी एक छोटी लटकती पाटी, चालण्याच्या दिशेला आडवी, तिच्यावर दोन्ही लिपी, मराठी वर. लटकत्या पाटीची कल्पना पुतण्याची. मला ती आधी सुचायला हवी होती: इथले निम्मे गिऱ्हाईक आर्केडच्या आतून चालते, बाहेरची पाटी त्याला दिसतच नाही.

२३ नोव्हेंबरला जुनी पेटी उतरवली आणि प्लायवूडची पाटी सुंभाच्या दोरीने दोन खांबांमध्ये टांगली. पेटी खाली आल्यावर कमानीच्या वरच्या अर्धगोलातून उजेड थेट आतल्या काउंटरपर्यंत आला. दुकानातल्या सर्वांत जुन्या कामगाराने पुढच्या दोन ट्यूबलाइट बंद केल्या. शेठ बराच वेळ बाहेर उभे होते. मग म्हणाले, ‘बापाच्या वेळी असंच होतं.’ त्या दिवसानंतर त्यांनी या कामाचा खर्च विचारला नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस पालिकेची तपासणी सुरू झाली तेव्हा दोरीवरची ती पाटी नियमात बसत होती.

कायमची पाटी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली. दोन खांबांमध्ये स्टेनलेस स्टीलची चौकट, टोकांना रबरी पॅड, स्क्रूने ताणून बसवलेली. सुरक्षेसाठी दोन्हीकडे एकेक फास्टनर, तोही दगडात न घेता दोन दगडांमधल्या चुन्याच्या दर्जात. दर्ज पुन्हा भरता येते, दगड भरता येत नाही. समुद्र जवळ असल्याने साधे लोखंड टाळले, स्टील ३१६ ग्रेडचे घेतले. पाटी दगडाच्या चेहऱ्यापासून चार इंच आत. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, गडद निळा रंग, मोत्याच्या रंगाची अक्षरे. पुतण्याचा लाल रंग बारीक कडेत राहिला. अक्षरे पेंटरचाचांनीच लिहिली, प्लायवूडवरच्या त्यांच्याच वळणावरून. मी फक्त अंतरे जुळवली. अशी पाटी तीन-चार वर्षांनी पुन्हा रंगवावी लागेल हे शेठांना आधीच सांगितले होते.

जुन्या चौदा भोकांचे काम वेगळे. गंजलेले बोल्ट कापून बाहेर काढले आणि भोके चुना व दगडाच्या भुकटीने भरली. फिटरने सिमेंट आणले होते, ते परत पाठवले. सिमेंट चुन्यापेक्षा कडक, ओल अडवून धरते, आणि काही वर्षांनी भोकाच्या कडेचा दगडच सुटतो. एवढी काळजी घेऊनही एक नवे भोक पडलेच. दिव्याची वायर नेताना फिटरच्या हाताखालच्या मुलाने उजव्या खांबात क्लिपसाठी ड्रिल मारले. मी त्या दिवशी जागेवर नव्हतो. दगडाला हात लावायचा नाही हे फिटरला माहीत होते, मुलाला कोणी सांगितले नव्हते.

काय झाले

दिवा लावल्यावर पहिल्या रात्री सगळ्यांचा विरस झाला. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली इमारतीचा पिवळसर दगड राखेसारखा दिसत होता. तो बदलून ३००० केल्विनची पट्टी लावली, पाटीच्या वरच्या कडेला लपवून, खाली अक्षरांवर पडेल अशी. दगडात ऊब परत आली.

धंदा वाढला का, असे मला विचारतात. पाटीमुळे किती आणि मोसमामुळे किती हे वेगळे काढता येत नाही, म्हणून मी ते सांगत नाही. पुतण्याने एवढे सांगितले की फोनवर पत्ता समजावताना तो आता ‘उघडी कमान, निळी पाटी’ म्हणतो आणि लोक बरोबर येतात.

लटकती पाटी मात्र पहिल्या पावसाळ्यात फसली. आर्केडमध्ये दुकानासमोर बसणाऱ्या फेरीवाल्या भाऊंनी जूनमध्ये प्लास्टिक बांधले आणि पाटी त्यामागे गेली. पुतण्या चिडून प्लास्टिक काढायला निघाला होता. शेठांनी त्याला थांबवले आणि भाऊंनाच विचारले, तुमचे प्लास्टिक कुठपर्यंत येते? पाटी चार फूट पुढे सरकवली, आणि भाऊंनी आपली दोरी एक हात खाली घेतली. रोज अकरा तास त्या जागेवर बसणाऱ्या माणसाला हे आधी विचारले असते तर पाटी एकदाच टांगावी लागली असती.

पुन्हा केले तर

मालकाची ना-हरकत पहिल्या दिवशी मागेन, आणि ती येईपर्यंत तात्पुरती पाटी मुद्दाम लावेन, मुदत असो वा नसो. प्लायवूड, रंग आणि पेंटरची मजुरी मिळून खर्च फार नव्हता, आणि पट्टीची उंची, रंग, इंग्रजीची जागा हे तिन्ही निर्णय त्या पाटीने सोडवले. संगणकावर ते सुटले नव्हते. दिव्याचाही नमुना रात्री, जागेवर, हातात धरून पाहीन. ड्रिल मशीन हातात घेणाऱ्या प्रत्येकाला, तो सोळा वर्षांचा का असेना, कुठे हात लावायचा नाही ते खडूने खुणा करून दाखवेन.

एक गोष्ट अजून टोचते. त्या इमारतीच्या दर्शनी भागात तीन कमानी, तीन दुकाने. आम्ही एकाच कमानीचे काम घेतले. शेजारच्यांशी आधी बोललो असतो तर तिन्ही पाट्या एका रेषेत, एकाच उंचीच्या झाल्या असत्या, चौकटीचा खर्चही वाटला गेला असता. मुदतीच्या घाईत तो विषय मी काढला नाही. डावीकडच्या दुकानाने त्याच नोव्हेंबरात नवी एसीपी पेटी लावली, मराठी-इंग्रजी, नियमात बसणारी, आणि ती नऊ इंच आमच्या खांबावर येते. ज्या स्तंभशीर्षाचे पान आम्ही उघडे केले, त्याची एक बाजू अजून तिच्याखाली आहे. उजवीकडच्या औषधांच्या दुकानदारांनी गेल्या महिन्यात पेंटरचाचांचा नंबर मागून घेतला. त्यांच्या नावात दोन रफार आहेत, आणि कमान आमच्यापेक्षा सात इंचांनी अरुंद. मोजमाप घ्यायला आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत.